रसायनशास्त्र विभागाचं स्टोअर: आत कोणी जायचं आणि बाहेर किती द्यायचं?

फ्यूमहूड_दोन

विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं केमिकल स्टोअर नव्याने लावायचं आहे. खोली १२ बाय १५ फूट, उंची १० फूट. एकच लाकडी दार, ते आत उघडतं. कॉरिडॉरच्या बाजूला एक खिडकी आहे, मागच्या भिंतीत वर एक साधा एक्झॉस्ट पंखा. या एका स्टोअरवर एमएस्सीच्या चार आणि संशोधनाच्या नऊ प्रयोगशाळा चालतात. एक स्टोअरकीपर आणि दोन लॅब अटेंडंट आहेत.

सध्या दाराला कडी-कोयंडा आणि एक कुलूप, किल्ल्या तीन: एक विभागप्रमुखांकडे, एक स्टोअरकीपरकडे आणि तिसरी फिरती. पीएचडीचे विद्यार्थी रात्री काम करतात, म्हणून ती फिरती. आता प्रस्ताव असा आहे की दाराला बायोमेट्रिक मशीन लावावं म्हणजे कोण कधी गेलं ते कळेल. हे पुरेसं आहे का? मशीन कोणतं घ्यावं? आणि कायद्याने नेमकं काय ठेवावं लागतं?

भांडारवाला

मशीनचं नंतर बघू. आधी एक कागद घ्या आणि महिनाभरात कोण कोण आत जातं आणि कशासाठी, ते लिहून काढा. बहुतेक विभागांत हेच निघतं: सॉल्व्हंट (द्रावक) नेण्यासाठी, काचसामानासाठी, "आपल्याकडे अमुक आहे का" बघण्यासाठी, आणि वजनकाटा किंवा बर्फ तिथेच आहे म्हणून. यातल्या एकाही कामासाठी माणसाने आत जायची गरज नाही. काटा आणि बर्फाचं मशीन बाहेर काढा, काचसामान वेगळ्या खोलीत हलवा, साठ्याची यादी शेअर्ड शीटवर सगळ्यांना फक्त वाचण्यापुरती खुली करा. आत शिरण्याची कारणं निम्म्यावर येतील, एक पैसा खर्च न करता.

मग ती कॉरिडॉरची खिडकी. तिलाच देण्याची खिडकी करा. उंबरठा जमिनीपासून ३ फूट, बाहेर दीड फुटाची फळी, फळीला पुढच्या कडेला इंचभर उंच काठ, म्हणजे बाटली घरंगळणार नाही. आतून सरकतं शटर, कडी आतल्या बाजूला. मागणीपत्र खिडकीत द्यायचं, माल खिडकीतून घ्यायचा. विद्यार्थ्याचा पाय आत पडायचं कारणच उरत नाही.

वेळ ठरवा: सकाळी १०:३० ते १२, दुपारी ३ ते ४:३०. दिवसभर खिडकी उघडी ठेवली की स्टोअरकीपर नोंद करत नाही, "नंतर लिहितो" म्हणतो, आणि ते नंतर कधी येत नाही.

इंडेंटधारी

हे सगळं ऐकायला छान आहे, पण संशोधनाचं काम साडेचारला थांबत नाही. कॉलम (मिश्रणातले घटक वेगळे करणारी नळी) चालू आहे, रात्री ११ वाजता त्यातलं सॉल्व्हंट, हेक्झेन, संपलं, तर काय करायचं? खिडकी बंद ठेवलीत तर लोक दुसरा मार्ग काढतातच. पहिल्या आठवड्यात शेजारच्या लॅबमधून उसनं, दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक लॅबमध्ये टेबलाखाली २० लिटरचा साठा. स्टोअर सुरक्षित आणि इमारत धोक्यात.

भांडारवाला

मुद्दा बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर स्टोअरची किल्ली नाही. उत्तर आहे लॅबचं स्वतःचं चालू कपाट. प्रत्येक संशोधन लॅबमध्ये ज्वलनशील द्रवांसाठी एक पत्र्याचं कपाट, तळाला गळती धरणारा ट्रे (सर्वांत मोठ्या बाटलीइतकं मावेल एवढा खोल), आणि त्यात आठवड्याच्या वापराइतकाच साठा. किती, ते लॅबवार लिहून ठरवा. उदाहरणार्थ: हेक्झेन ५ लिटर, इथिल अॅसिटेट ५ लिटर, डायक्लोरोमिथेन आणि मिथेनॉल प्रत्येकी अडीच लिटर. सोमवारी रिकाम्या बाटल्या द्यायच्या आणि तेवढ्याच भरलेल्या घ्यायच्या. रिकामी नाही तर भरलेली नाही, हा नियम मोडायचा नाही. यामुळे हिशोबही आपोआप लागतो आणि टेबलाखालचा साठाही वाढत नाही.

रात्री खरंच अडलं तर विभागप्रमुखांनी नेमलेला एक ड्यूटी-शिक्षक, त्याच्याकडे सीलबंद पाकिटात किल्ली. पाकीट फुटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी कारण, वेळ आणि काय नेलं याची नोंद, आणि नवं पाकीट. पाकिटावर सही जोडावर येईल अशी घ्या, नुसती वर नको.

रिले_आणि_कॉइल

आता मशीनबद्दल. धागाकर्त्याने "बायोमेट्रिक" म्हटलंय ते बाजारात मिळणारं हजेरीचं यंत्र असणार, ज्यात दार उघडण्याचा रिले (विजेवर चालणारा स्विच) त्याच डब्यात असतो. तो डबा दाराबाहेर भिंतीवर लागतो. दोन स्क्रू काढले की मागच्या तारा हातात येतात आणि दार उघडायला बोट लागत नाही. हजेरीसाठी ठीक, विषारी रसायनांच्या दारासाठी मुळीच नाही. कार्ड वाचणारा रीडर बाहेर आणि दार उघडायचं की नाही ते ठरवणारा कंट्रोलर आत, हे दोन वेगळे डबे हवेत. रीडरकडून कंट्रोलरकडे जाणारी तार जुन्या वीगँड पद्धतीची असेल तर कार्डाचा नंबर त्यावरून उघडाच जातो. आरएस-४८५ वर चालणारी ओएसडीपी पद्धत, सुरक्षित चॅनेलसह, मागून घ्या.

कार्डाचंही तेच. १२५ किलोहर्ट्झचं जाडसर पांढरं कार्ड सर्वांत स्वस्त आणि त्याची नक्कल सर्वांत सोपी. मायफेअर क्लासिक या कार्डाचं कूट २००८ सालीच फुटलेलं आहे, तरी विद्यापीठांची ओळखपत्रं अजून त्यावर निघतात. नवीन घेत असाल तर डेसफायर ईव्ही२ किंवा ईव्ही३ जातीचं कार्ड, आणि कार्डाचा नुसता क्रमांक वाचून दार उघडू नये. आतली सुरक्षित फाइल वाचली जाते आहे हे व्हेंडरकडून लेखी घ्या, कारण महागडं कार्ड घेऊन फक्त क्रमांक वाचणारी जोडणी करून देणारे खूप आहेत.

बोटाचा ठसा रसायनशास्त्रात तसाही चालत नाही. सॉल्व्हंटने आणि सतत हात धुण्याने बोटांच्या रेषा कोरड्या पडतात, मशीन नाकारतं, मग कोणीतरी अॅडमिन पासवर्ड सगळ्यांना सांगून टाकतो. आणि हातमोजे घालून आलेला माणूस मोजा काढून तेच बोट सेन्सरवर टेकवतो, हे वेगळंच.

क्षार_परीक्षा

+१. शिवाय हातमोजे घालून दाराच्या मुठीला हात लावायचा नाही, ही पाटी दारावर हवीच.

माझा प्रश्न कुलपाचा आहे. मॅग्नेटिक लॉक (विद्युतचुंबकाने दार धरणारं) की इलेक्ट्रिक स्ट्राइक (चौकटीतली, विजेवर सुटणारी खाच)? व्हेंडर ६०० पाउंडचं मॅग्नेटिक घ्या म्हणतात.

रिले_आणि_कॉइल

मॅग्नेटिक लॉकला वीज आहे तोवरच ते बंद. वीज गेली की दार उघडं. ६०० पाउंड म्हणजे साधारण २७० किलोची पकड. १२ व्होल्टवर ते अर्धा अँपिअरच्या आसपास घेतं. रीडर-कंट्रोलर धरून एकूण ०.८ अँपिअर समजा. ७ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर पावणेनऊ तास देते, वर्षभर वापरलेली प्रत्यक्षात सहा तास देईल न देईल. शुक्रवारी रात्री गेलेली वीज शनिवारी दुपारी आली तर मधला वेळ स्टोअर सताड उघडं. लोडशेडिंगच्या गावात हा विचार व्हायलाच हवा.

म्हणून स्टोअरला वीज गेल्यावर बाहेरून बंदच राहील असं कुलूप हवं, आणि आतून मात्र नुसती मूठ दाबली की कधीही उघडेल, विजेचा संबंध न येता. म्हणजे फेल-सिक्युअर स्ट्राइक किंवा मोटराइज्ड मॉर्टिस लॉक (दाराच्या जाडीत बसणारं, मोटरवर चालणारं कुलूप), आणि आतल्या बाजूला पॅनिक बार, म्हणजे ढकलायचा आडवा दांडा. आत माणूस अडकला, बाटली फुटली, दिवे गेले, तरी ढकललं की बाहेर. पण तुमचं दार आत उघडतं, तिथे पॅनिक बार निरुपयोगी. दार बाहेर उघडणारं करून घ्या. चौकट बदलावी लागेल, पण हा खर्च टाळायचा नाही.

जर मॅग्नेटिकच माथी मारलं गेलं, तर आत एक्झिट बटण आणि शिवाय हिरवा ब्रेक-ग्लास डबा (आणीबाणीत काच दाबून दार सोडवणारा) लागतो. तो डबा कुलपाच्या विजेच्या तारेत थेट मध्ये बसला पाहिजे. इन्स्टॉलर आळस करून तो कंट्रोलरच्या इनपुटला जोडतो, आणि कंट्रोलर हँग झाला की ब्रेक-ग्लास फोडूनही दार उघडत नाही. तपासायची रीत सोपी आहे: कंट्रोलर पूर्ण बंद करा, कुलपाला वीज थेट द्या, ब्रेक-ग्लास दाबा. सुटलं तर बरोबर. आणि कुलपाच्या कॉइलवर उलटा एक डायोड (१एन४००७ चालतो) लावलाय का पाहा. नसेल तर काही महिन्यांत रिलेचे पॉइंट चिकटतात आणि दार कायम उघडं किंवा कायम बंद.

फ्यूमहूड_दोन

कंट्रोलर आत म्हणालात. पण आत सॉल्व्हंट आणि आम्लं आहेत. तिथे इलेक्ट्रॉनिक डबा ठेवायचा?

रिले_आणि_कॉइल

नेमका प्रश्न. रिले उघडझाप होताना ठिणगी पडते, आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सर्किट बोर्डाचं तांबं खाते. म्हणून रचना दोन टप्प्यांची करा. बाहेरच्या दाराआत आधी स्टोअरकीपरची टेबल-खुर्ची, देण्याची खिडकी, काटा, रजिस्टर. मग एक भिंत आणि दुसरं दार, त्यापलीकडे रसायनं. कंट्रोलर, पॉवर सप्लाय, बॅटरी, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर हे सगळं पहिल्या भागात. तो भाग कुलपाआतच आहे, पण वाफांच्या खोलीत नाही. तुमच्या १५ फुटांतले ५ फूट त्याला द्या. साठवणीची जागा कमी होईल अशी ओरड होईल, पण जुन्या, कालबाह्य बाटल्या काढल्या की जागा भरपूर निघते. बहुतेक स्टोअरांत फळीच्या मागच्या रांगेला गेल्या दहा वर्षांत कोणी हात लावलेला नसतो.

वायुवीजन

पंख्याबद्दल कोणीच बोललं नाही, आणि त्याचा दाराशी थेट संबंध आहे. खोली १८०० घनफूट. तासाला सहा वेळा हवा बदलायची तर १०,८०० घनफूट, म्हणजे मिनिटाला १८०. पंखा ज्वालारोधक, स्विच खोलीबाहेर, आणि हवा खेचण्याचं तोंड जमिनीपासून फूटभर उंचीवर, कारण ईथर, हेक्झेन, टोल्युइन यांच्या वाफा हवेपेक्षा जड, तळाशी साचतात. वर लावलेला पंखा छताजवळची स्वच्छ हवा बाहेर टाकत बसतो.

आता हवा बाहेर गेली की तेवढीच आत यायला हवी. सुतार सोपा उपाय सांगतो: दाराच्या खालच्या भागात जाळीच्या पट्ट्या. तसं केलंत तर पट्टी वाकवून हात आत घालता येतो आणि आतलं बटण किंवा मूठ गाठता येते. लाखाचं कुलूप आणि खाली मांजराची वाट. हवेची जाळी दाराच्या समोरच्या भिंतीत, चौरस फूटभर, बाहेरून सळ्या आणि आतून वेल्डेड जाळी अशी घ्या.

दुसरं, पंखा चालू असताना खोलीत किंचित कमी दाब राहतो. दार आत उघडणारं असेल तर ते चौकटीपासून आत खेचलं जातं, लॅच बसत नाही, मग "दार उघडं राहिलं" हा अलार्म दिवसभर. दोन दिवसांत कोणीतरी त्याची तार तोडतो. दार बाहेर उघडणारं करण्याचं हे आणखी एक कारण. तसं केलं की तोच कमी दाब दार बंद व्हायला मदत करतो.

इंडेंटधारी

कडी-कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसतात हे कोणी म्हणेल म्हणून थांबलो होतो. नाही म्हटलं, तर मीच म्हणतो. कुलूप कितीही भारी असो, कोयंडा चार स्क्रूंनी लाकडात बसवलेला असेल तर स्क्रूड्रायव्हर पुरतो. आरपार बोल्ट, गोल डोकं बाहेर, नट आत. बिजागरीच्या पिनाही बाहेर येणार असतील (बाहेर उघडणाऱ्या दाराला येतातच), तर न निघणाऱ्या पिनांच्या बिजागऱ्या मागा.

नियमावली

कायद्याचा भाग, महाराष्ट्रातल्या विभागाला लागणारा.

आम्लं: सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २०१३ चा, अॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या लक्ष्मी यांच्या प्रकरणातला आदेश दुकानदारांपुरता आहे असा समज आहे. त्यात शैक्षणिक संस्था आणि संशोधन प्रयोगशाळा स्पष्टपणे आहेत. आम्लाच्या वापराचं रजिस्टर ठेवायचं आणि ते उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या प्रांत कार्यालयात, दाखल करायचं. साठ्यासाठी एक व्यक्ती नावाने जबाबदार. आणि प्रयोगशाळेतून किंवा साठ्याच्या जागेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थी-कर्मचाऱ्यांची तपासणी सक्तीची.

अल्कोहोल: रेक्टिफाइड स्पिरिट आणि अॅब्सोल्यूट अल्कोहोल महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली येतात. राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी, तिच्यातली मर्यादा, आणि वेगळं रजिस्टर. ते वेगळ्या कपाटात, वेगळ्या कुलपात ठेवा. निरीक्षक आले की शिल्लक मोजतात, तेव्हा वीस लॅबांच्या बाटल्या गोळा करायची वेळ येऊ नये.

सॉल्व्हंट: पेट्रोलियम अधिनियम, १९३४. ज्वलनबिंदू (फ्लॅश पॉइंट) २३ अंश सेल्सिअसखाली असलेली हायड्रोकार्बन वर्ग 'अ' मध्ये. विक्रीसाठी नसलेला वर्ग 'अ' साठा एका जागी एकूण ३० लिटरपर्यंत परवान्याविना ठेवता येतो. पण काचेची बाटली असेल तर १ लिटरपेक्षा मोठी नको, धातूची २५ लिटरपर्यंत. हेक्झेन, पेट्रोलियम ईथर, बेन्झिन, टोल्युइन हे सगळं मिळून ३० लिटर, प्रत्येकी नव्हे. अॅसिटोन आणि इथेनॉल हायड्रोकार्बन नाहीत म्हणून त्या मोजणीत येत नाहीत, आगीला मात्र तो फरक कळत नाही.

अॅसिटिक अॅनहायड्राइड आणि अँथ्रानिलिक आम्ल: अमली पदार्थ कायद्याखालच्या २०१३ च्या नियंत्रित पदार्थ आदेशाच्या अनुसूची 'अ' मध्ये. नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोकडची नोंदणी, रोजचा हिशोब, तिमाही विवरण. अॅस्पिरिनचा प्रयोग अभ्यासक्रमात आहे म्हणून अनेक ठिकाणी अॅनहायड्राइड साध्या फळीवर दिसतं. ते कुलपात हवं.

क्षार_परीक्षा

तपासणी सक्तीची म्हणजे विद्यार्थ्यांचे खिसे तपासायचे का? बी.एस्सी.च्या ४० जणांच्या बॅचला?

नियमावली

खिसे नाही. दप्तरं लॅबच्या बाहेर रॅकवर, आत फक्त वही, एप्रन, चष्मा. आणि बाटल्या मोजून आत, मोजून बाहेर. पण त्याहून महत्त्वाचं हे की संहत आम्ल बॅचपर्यंत जाताच कामा नये. विरल हायड्रोक्लोरिक, विरल गंधकाम्ल स्टोअरशेजारच्या तयारीच्या खोलीतच करून द्या. क्षार-परीक्षेला संहत गंधकाम्ल लागतं, तिथे ५०-६० मिलीच्या ड्रॉपर बाटल्या, दोन टेबलांत एक, क्रमांक घातलेल्या. १० क्रमांक बाहेर गेले, १० परत आले, अटेंडंटची सही. एखादा नसेल तर बॅच तिथेच थांबते. मार्च-एप्रिलच्या परीक्षांत बाहेरचे परीक्षक, दोन सत्रं, घाई, तेव्हा ही मोजणी हमखास सुटते, म्हणून परीक्षेच्या दिवशी मोजायला वेगळा माणूस द्या.

ग्रॅम_मिलिग्रॅम

विषारी पदार्थांचं कपाट. सायनाइड, अॅझाइड, पाऱ्याचे आणि आर्सेनिकचे क्षार, थॅलियम. याला दोन कुलपं, दोन वेगळ्या माणसांकडे, आणि दोघांपैकी एकाकडेही दोन्ही किल्ल्या नकोत. कपाट भिंतीला १० मिमीच्या अँकर फास्टनरने आतून आवळलेलं. नाहीतर कपाटच उचलून नेता येतं. सायनाइड आणि आम्लं एका कपाटात नाहीत, एका खोलीच्या एका बाजूलाही नाहीत. अॅझाइडला धातूचा चमचा नको, आणि त्याचं पाणी तांब्या-शिशाच्या नळीत ओतायचं नाही.

हिशोब वजनाने ठेवा, तोही बाटली न उघडता. बाटली आली की झाकणासकट वजन: समजा २१२.४ ग्रॅम. देताना तेच वजन, परत घेताना पुन्हा वजन, फरक आणि विद्यार्थ्याने वहीत लिहिलेला वापर जुळला पाहिजे. ०.१ ग्रॅमचा काटा पुरतो.

यात फसगत कुठे होते: जे क्षार हवेतला ओलावा ओढतात ते जड होतात. सायनाइडही ओलावा घेतं. म्हणजे दोन ग्रॅम नेलं तरी वजन दीडच ग्रॅमने कमी दिसेल. म्हणून प्रत्येक बाटलीला झाकणावर टेप आणि बाहेर झिप पिशवीत सिलिका जेल, आणि पावसाळ्यात महिन्याला एकदा न वापरलेल्या बाटल्यांचंही वजन. जिला कोणी हात लावला नाही ती किती वाढली, ते तुमचं पावसाळ्याचं प्रमाण. त्याच्या बाहेरचा फरक असेल तर लगेच चौकशी, वर्षअखेरीची वाट बघायची नाही.

राईनकाठ

इथे जर्मनीत घातक पदार्थांच्या नियमावलीच्या कलम ८ मध्ये दोन पर्याय दिलेत: तीव्र विषारी पदार्थ कुलपात ठेवा, किंवा असे ठेवा की जाणकार आणि भरवशाच्या माणसांनाच तिथवर पोहोचता येईल. विद्यापीठात व्यवहारात दोन्ही करतात. यादीत नाव यायचं तर वर्षातून एकदा तोंडी प्रशिक्षण आणि सही लागते. सहीची तारीख वर्षापेक्षा जुनी झाली की कार्ड आपोआप बंद. नूतनीकरणासाठी कोणाला विनवण्या करत फिरावं लागत नाही, माणूस स्वतःच धावत येतो. ही एक कल्पना उचलण्यासारखी.

भांडारवाला

राईनकाठ, हे उत्तम. आपल्याकडे ते 'नो ड्यूज'ला जोडा. पीएचडी संपली, कंत्राट संपलं, बदली झाली, तरी कार्ड चालूच असतं, कारण बंद करायला कोणी सांगत नाही. म्हणून कार्डाला सुरुवातीलाच शेवटची तारीख घाला: एमएस्सीच्या प्रकल्पवाल्यांना ३१ मे, पीएचडीवाल्यांना नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख, कंत्राटी कर्मचाऱ्यांना आदेशातली तारीख. कोणाचीही तारीख वर्षापलीकडची नको.

आणि खरं सांगायचं तर आतल्या दाराची यादी पाच नावांची असावी. स्टोअरकीपर, दोन अटेंडंट, एक सुरक्षा समन्वयक शिक्षक, विभागप्रमुख. सहावं नाव घालताना कारण लिहा. यादी पंधरावर गेली की समजा दाराचा उपयोग संपला, कारण पंधरा जणांत "ताई, दार धरा हं" सुरू होतं आणि लॉगमध्ये एकाचं नाव, आत तिघं.

रजिस्टरबद्दल दोन शब्द. बाटलीला आल्याबरोबर क्रमांक: २०२५-०१४३ असा, लेबलवर आणि रजिस्टरात. मिळाल्याची तारीख, उघडल्याची तारीख. ही दुसरी तारीख ईथर, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान), डायऑक्सेनला जीवनमरणाची, कारण उघडल्यावर स्फोटक पेरॉक्साइड बनतात. टीएचएफ आणि ईथर सहा महिन्यांनी पेरॉक्साइडच्या चाचणीपट्टीने तपासा, आयसोप्रोपिल ईथर तीन. झाकणाभोवती स्फटिक दिसले तर हात न लावता सुरक्षा समन्वयकाला बोलवायचं. पिक्रिक आम्ल कोरडं पडलेलं दिसलं तरी तेच. उघडलेली बाटली मुख्य स्टोअरमध्ये परत घ्यायची नाही, वजनाने दिलेल्या विषारी पदार्थांचा अपवाद सोडून. एकदा परत घ्यायला लागलात की आत काय आहे याची खात्री देता येत नाही.

फ्यूमहूड_दोन

कॅमेरा कुठे? आणि दाराबाहेर यादी लावायची का? अग्निशमनवाले म्हणतात लावा, सुरक्षा अधिकारी म्हणतात चोराला पत्ता कशाला द्यायचा.

वायुवीजन

दोघंही बरोबर. दारावर धोक्याची चिन्हं: ज्वलनशील, क्षरणकारी, विषारी, आणि पाण्याने पेटणारे धातू असतील तर "पाणी वापरू नका". नावं-प्रमाणं नको. सविस्तर यादी आणि आतला नकाशा मुख्य गेटवर सीलबंद पाकिटात, दर तिमाहीला बदललेला. त्यावर संपर्काचे दोन क्रमांक.

सोडियम-पोटॅशियम मात्र पंप आणि नळाजवळ नको, आणि छतातून स्प्रिंकलर येत असेल तर त्याखाली तर नकोच.

रिले_आणि_कॉइल

कॅमेरा पहिल्या भागात, देण्याच्या खिडकीवर, असा की फळीवरची बाटली आणि समोरचा चेहरा दोन्ही दिसतील. आतल्या खोलीत कॅमेरा नको. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि कंट्रोलरचं घड्याळ एकाच सर्व्हरवरून जुळवा. सात मिनिटांचा फरक असला की कार्डाची नोंद आणि चित्र एकमेकांशी लागत नाहीत, आणि वाद होतो तेव्हा दोन्ही पुरावे बाद. रेकॉर्डिंग किमान ३० दिवस.

लॉग कोणीतरी वाचला पाहिजे. आठवड्यातून एकदा, फक्त तीन गोष्टी: रात्री ८ ते सकाळी ८ मधल्या नोंदी, नाकारलेली कार्डं, आणि ३० सेकंदांपेक्षा जास्त उघडं राहिलेलं दार. पानभराच्या वर गेलं की कोणी वाचत नाही.

फ्यूमहूड_दोन

सगळ्यांचे आभार. जेममध्ये (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) टाकायचं वर्णन असं लिहिलंय: "रीडर व कंट्रोलर स्वतंत्र, ओएसडीपी, डेसफायर ईव्ही२ किंवा समतुल्य, फेल-सिक्युअर कुलूप, आतून पॅनिक बार, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तास बॅटरी, एक वर्ष वॉरंटी." काही राहिलं?

रिले_आणि_कॉइल

"किंवा समतुल्य" च्या पुढे लिहा: "कार्डाच्या क्रमांकावर नव्हे, कूटबद्ध फाइलवर पडताळणी, विद्यापीठाच्या कूट-चाव्या विद्यापीठाकडे". नाहीतर समतुल्य म्हणून १२५ किलोहर्ट्झ येईल, सर्वांत कमी दराने. चाव्या व्हेंडरकडे राहिल्या तर पुढची शंभर कार्डं त्याच्याचकडून, त्याच्याच भावात. वॉरंटी तीन वर्षांची मागा, बॅटरी दोन वर्षांनी बदलण्याची अट त्यातच घाला. आणि स्वीकृती चाचणी: मुख्य वीज बंद करून दार बाहेरून बंद राहतं, आतून एका ढकलण्यात उघडतं, ही चाचणी तुमच्यासमोर, बिलावर सही करण्याआधी.

भांडारवाला

आणि जुन्या कुलपाच्या तीन किल्ल्या विसरू नका. बाहेरच्या दाराला यांत्रिक कुलूप राहणारच, त्याचा सिलिंडर बदला. तिसऱ्या किल्लीच्या किती नकला रस्त्यावरच्या किल्लीवाल्याकडून झाल्या असतील ते कोण सांगणार. नवा सिलिंडर डिंपल प्रकारचा (किल्लीवर खळगे असलेला) घ्या, ज्याच्या किल्लीची नक्कल सोबतच्या मालकी-कार्डाशिवाय होत नाही, ते कार्ड विभागप्रमुखांच्या तिजोरीत, आणि स्टोअरकीपर बदलला की चार्ज देता-घेताना किल्ल्या क्रमांकाने लिहून द्या: "किल्ली क्र. १, क्र. २", नुसतं "किल्ल्या दिल्या" नको.